तालमीचा उंबरठा

कोल्हापूर, पुणे, सांगली, सातारा अशा गावांच्या जुन्या पेठांत तालीम ही देवळाइतकीच ठरलेली वास्तू असे. ठेंगणे दार, मोजक्या खिडक्या, कोनाड्यात शेंदूर माखलेला मारुती आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. दार ठेंगणे असल्याने आत जाणाऱ्याची मान आपोआप लवत असे. उंबऱ्याच्या आत आल्यावर माणसाचा हुद्दा, घर आणि शिक्षण कपड्यांबरोबर खुंटीला टांगले जाई, असे अभिमानाने सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही होते. पण उंबऱ्याच्या आत कोणाला येऊ द्यायचे, हा प्रश्न त्या अभिमानात सहसा येत नाही. तालमीचा इतिहास या दोन्ही गोष्टींचा आहे: एकत्र घाम गाळणाऱ्या माणसांत काय तयार होते आणि ते कोणाच्या वाट्याला येते.

'तालीम' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. वस्ताद (मूळ उस्ताद), पैलवान आणि कुस्ती हे शब्द फारसीतून आलेले, तर आखाडा हा संस्कृत 'अक्षवाटा'चा वंशज. शब्दांच्या या सरमिसळीवरूनच संस्थेची घडण कळते. मल्लविद्या इथे जुनी होती. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वय, बांधा आणि बळ पाहून वर्ग पाडले आहेत, त्यांना काय खाऊ घालावे आणि कोणती मेहनत करून घ्यावी हे सांगितले आहे. खांबावर करायच्या व्यायामाचाही उल्लेख त्यात येतो. मात्र तो मल्ल राजाने पाळलेला होता. तो दरबारासाठी लढत असे आणि दरबारच त्याचे पोट भरत असे. पेठेने किंवा गावाने स्वतःची म्हणून चालवलेली तालीम ही त्यानंतरच्या काळातली घडण. सल्तनतींच्या काळात दख्खनमध्ये उत्तरेची आणि इराणी वळणाची पैलवानी आली, समर्थ रामदासांनी मारुतीची स्थापना आणि बलोपासना यांची सांगड घातली अशी परंपरा सांगते, आणि या साऱ्यातून मारुतीपुढे नमस्कार करून उस्तादाच्या हाताखाली जोर काढण्याची रीत रुजली.

तालमीची दिनचर्या बाहेरून पाहणाऱ्याला शरीराची वाटते. प्रत्यक्षात ती देण्याघेण्याची होती. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठायचे, जोर-बैठका काढायच्या आणि मग फावड्याने हौदा खणायचा. खणलेल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, काव मिसळायची. ती भुसभुशीत करून सारखी करायची. हे काम नोकराचे नव्हते. पठ्ठे आळीपाळीने ते करत, आणि मान-खांदा-कंबर यांना खणण्याएवढा दुसरा व्यायाम नाही असे जुने वस्ताद सांगत. म्हणजे जागेची देखभाल आणि शरीराची मेहनत एकाच फावड्यात होई. मग जोडी लागत. कुस्ती एकट्याने करता येत नाही, या साध्या गोष्टीवर तालमीचे सारे समाजकारण उभे होते. जोर, बैठका, मुद्गल हे एकट्याने घरी होऊ शकतात. डाव मात्र दुसऱ्याच्या अंगावरच शिकावा लागतो. ढाक, घिस्सा, कलाजंग, लपेट, मोळी यांतला कोणताही डाव बसायचा तर शेकडो वेळा कोणीतरी पाठीवर पडायला तयार हवा. आज जो पडतो तो उद्या पाडतो. त्यामुळे ज्याला रोज चितपट करायचे, त्याचीच हाडे सांभाळायची जबाबदारीही अंगावर येते.

मेहनतीनंतर अंग रगडण्याची पाळी. धाकटे थोरल्यांची मालीश करत, थोरले धाकट्यांना डाव दाखवत. स्वयंपाकही तालमीतच होई. मुक्कामी पैलवान आपापल्या खुराकाची सोय करत: दूध, तूप, बदाम-खसखस-बडीशेप-मिरी वाटून केलेली थंडाई, आणि कोल्हापुराकडे मटण. एस.टी. सुरू झाल्यावर गावाकडून पैलवान पोरासाठी निघालेले डबे आणि दुधाच्या किटल्या बसमधून कोल्हापूरला उतरू लागल्या. कोल्हापुरात गंगावेशीला म्हशी उभ्या करून समोर काढलेले धारोष्ण दूध पिण्याची जी रीत आहे, तिचे गिऱ्हाईक मुळात हे पैलवानच.

एक पैलवान घडवायला दहा-बारा वर्षे लागत, आणि त्या काळात तो घरात काही आणत नसे, उलट घरातूनच नेत असे. त्यामुळे तो एका बापाचा उरत नसे. शेतकरी कुटुंबाने म्हैस त्याच्या नावाने राखलेली असे, भावांनी त्याच्या वाटणीचे शेत कसलेले असे, गावाने जत्रेत त्याच्या नावावर इनाम लावलेले असे. पहाटे तीनला त्याला उठवणारी गोष्ट ही देणी होती. आज व्यायामात टिकून राहण्याचे जे गणित मांडले जाते, त्यात माणसाची स्वतःची इच्छा पहिल्या स्थानावर असते. तालमीत ती तिसऱ्या-चौथ्या स्थानावर होती. पठ्ठा चार दिवस आला नाही तर वस्ताद निरोप पाठवी, जोडीदार घरी येई, आणि पेठेतला कोणीही म्हातारा रस्त्यात अडवून विचारी. हा धाक होता आणि आधारही. दोन्ही वेगळे काढता येत नसत.

वस्ताद या साऱ्याच्या केंद्रस्थानी. शिकवण्याची ठरलेली फी नसे. गुरुपौर्णिमेला नारळ, मैदान मारल्यावर फेटा, आणि पठ्ठ्यांचे नाव झाले की त्यात वाटा. त्याचा शब्द हा तालमीचा कायदा. कोणी कोणाशी लढायचे, कोण मैदानात उतरायला तयार झाला, कोणाला अजून थांबवायचे हे तोच ठरवी. सगळे डाव शिकवूनही वस्ताद एक डाव राखून ठेवतो, ही म्हण आज राजकारणाच्या बातम्यांत जास्त वापरली जाते. पण तिच्यात तालमीतली सत्ता नेमकी पकडली आहे. जिव्हाळ्याच्या या नात्यात बरोबरी नव्हती. वस्तादाची मर्जी गेली तर दाद मागायला दुसरी जागा नव्हती, आणि एक तालीम सोडून दुसरीत जाणे हे पेठेत फितुरीसारखे मानले जाई.

मैदान हे तालमीच्या वर्षाचे टोक. गावची जत्रा किंवा उरूस आला की हलगी आणि शिंग-तुतारीच्या आवाजात दुपारपासून कुस्त्या लागत. सुरुवात पोरांची, रेवड्यांवर आणि नारळावर. मग इनाम चढत जाई आणि शेवटची कुस्ती सर्वांत मोठी. सात वर्षांच्या पोराला आपला नारळ आणि शेवटच्या कुस्तीचे इनाम यांच्यामधला जिना एकाच दुपारी डोळ्यांनी दिसे. हरलेल्यालाही काही मिळे, आणि काटा कुस्ती करून बरोबरीत सुटलेल्या दोघांच्या पाठीवर थाप पडे. पाठ टेकली नाही म्हणजे अब्रू राखली. मात्र जो चितपट झाला, त्याच्याबरोबर त्याची तालीमही चितपट झालेली असे.

मल्लखांबाची कथा यात थोडी वेगळी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर हे त्याचे पुनरुज्जीवक मानले जातात. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचे आव्हान स्वीकारण्यासाठी ते सप्तशृंगी गडावर गेले आणि तिथे माकडांच्या हालचाली पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी दंतकथा आहे. माकडांचे राहू द्यावे. खांबावरच्या व्यायामाचा धागा 'मानसोल्लासा'पर्यंत जातो हे वर आलेच आहे. महत्त्वाचे हे की पेशवाई बुडाल्यावर बाजीरावाबरोबर बाळंभटदादा ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांची परंपरा उत्तर हिंदुस्थानात, काशीपर्यंत, पोहोचली. राज्य गेले तरी विद्या गुरू-शिष्यांच्या साखळीने पुढे गेली.

१८१८ नंतर पुण्यात शस्त्र धरणाऱ्यांना काम उरले नाही. हातात कसब आणि पोटाला काही नाही, अशा माणसांपैकी काहींनी तालमी काढल्या. त्यांत लहुजी वस्ताद साळवे यांचे नाव पहिले. १७९४ साली पुरंदरच्या परिसरात जन्मलेले लहुजी मांग समाजातले. वडील राघोजी इंग्रजांविरुद्धच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. लहुजींच्या पुण्यातील तालमीत दांडपट्टा, निशाणबाजी, कुस्ती शिकवली जाई. जोतीराव फुले तिथे शिकले आणि वासुदेव बळवंत फडकेही. ज्या शहरात मांगाची सावली टाळली जात होती, त्या शहरात ब्राह्मण आणि माळी तरुण मांग वस्तादाच्या पायाला हात लावून माती कपाळाला लावत होते. पुढे फुल्यांनी शाळा काढल्या तेव्हा लहुजींनी अस्पृश्य वस्त्यांतून मुले आणून दिली आणि शाळांच्या पाठीशी आपला दरारा उभा केला. तालमीत जुळलेले नाते तालमीबाहेर कामाला येते याचे महाराष्ट्रातले हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण. तरी त्यावरून तालमी जातीबाहेर होत्या असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. बहुतेक पेठा जातीने वसलेल्या होत्या आणि तालीम पेठेची असे. लहुजींची तालीम अपवाद म्हणूनच लक्षात राहिली.

१८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्यानंतर तलवार-पट्टा मागे पडून कुस्ती, लाठी आणि कसरत पुढे आली. सरकारची नजरही बदलली. १८९० च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याच्या मिरवणुकीत लेझीम आणि लाठीची पथके दिसू लागली. चापेकर बंधूंनी पोरे जमवून त्यांना व्यायाम आणि कवायत शिकवली होती. २२ जून १८९७ च्या रात्री त्यांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडल्यावर आखाडा हा शब्द पोलिसांच्या वहीत गेला. पहाटे एकत्र जमणारे, एका माणसाचे ऐकणारे आणि अंगाने तयार तरुण कोणत्याही सत्तेला अस्वस्थ करतातच. इंग्रजांची ती भीती अनाठायी नव्हती.

त्याच वर्षांत कोल्हापुरात नेमके उलटे घडत होते. १८९४ मध्ये गादीवर आलेले शाहू महाराज स्वतः लाल मातीत उतरलेले होते. १९०२ मध्ये ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले तेव्हा रोमचे कलोसियम पाहून त्यांच्या मनात तसे मैदान बांधायचे आले, असे कोल्हापूरकर सांगतात. १९०७ ते १९१२ या काळात खासबाग मैदान उभे राहिले. मधला हौदा सखल आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दोन्ही पैलवानांचे पाय दिसतात. हजारो माणसे त्यात बसत. उद्घाटनाच्या कुस्तीत गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन लढले. महाराजांनी पंजाबचे नामांकित मल्ल आणले, त्यांना आश्रय दिला आणि त्यांच्याशी भिडायला स्थानिक पोरे तयार केली. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे पुढे देशभर गेली, त्याचा पाया त्या काळात पडला. संस्थानचा पैसा, शेतकऱ्याचे पोर आणि पंजाबी वस्तादाचा डाव या तिन्हींचा संगम झाला, म्हणून कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले. केवळ हवापाणी आणि दुधामुळे झाले असते तर पन्हाळ्याच्या पायथ्याचे कुठलेही गाव झाले असते.

कोल्हापूरच्या तालमीची आणखी एक खूण म्हणजे मोहरम. बाबूजमाल तालमीत नाल्या हैदर पंजाची प्रतिष्ठापना होते, आणि ज्या वर्षी गणपती आणि मोहरम एकत्र येतात त्या वर्षी दोन्ही एकाच छताखाली बसलेले दिसतात. पंजे बसवणाऱ्या इतर तालमीही शहरात आहेत. हिंदू पोरे पंजाची सेवा करतात. याला कोणी ऐक्याचा संदेश म्हणून मांडले तर पेठेतल्या माणसाला ते जरा परकेच वाटते. त्याच्या दृष्टीने पीर तालमीचा आहे आणि तालीम आपली आहे, एवढेच.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तालमीशेजारी दुसरी एक संस्था वाढली: व्यायाम मंडळ. तिचे बीज बडोद्याला दिसते. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्राध्यापक माणिकराव यांनी शेकडो मुलांकडून एका हुकमासरशी करून घ्यायच्या सांघिक व्यायामाची पद्धत बसवली आणि तिला देशी आज्ञा दिल्या. १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले. १९२४ मध्ये पुण्यात शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यात माणिकरावांचेच शिष्य स्वामी कुवलयानंद यांचे कैवल्यधाम, त्याच सुमारास दादरला समर्थ व्यायाम मंदिर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कार हा राज्यकारभाराचाच विषय केला आणि संस्थानच्या शाळांत मुलामुलींना नमस्कार घालायला लावले. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. वस्तादाच्या डोक्यातली विद्या अशी कागदावर आली.

या मंडळांनी तालमीचे बरेच घेतले, पण एक मूलभूत गोष्ट बदलली. तालमीत माणूस जोडीत होता, मंडळात तो रांगेत आला. जोडीत समोरच्याचा श्वास, पकड, राग ओळखावा लागतो. रांगेत समोर पाठ असते आणि कानावर हुकूम. रांगेचे सामर्थ्य वेगळे: तिच्यात शंभर जण एकदम सामावतात, अशक्त मुलगाही खपून जातो, आणि लेझमीच्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय एकदम पडले की अंगावर काटा येतो तो खराच असतो. जोडीत हरण्याची लाज आहे, रांगेत ती नाही. म्हणूनच शाळांनी रांग उचलली, आणि राजकीय संघटनांनीही. १९२५ मध्ये नागपुरात निघालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि १९४१ चे राष्ट्र सेवा दल हे विचाराने परस्परांच्या विरुद्ध टोकांना, पण संध्याकाळी मैदानावर मुले जमवून खेळ, कवायत आणि गाणी यांतून माणूस जोडायची दोघांची रीत एकाच मुशीतली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या उद्घाटनात लेझीम आली. जगापुढे गेली ती रांग.

जिमखाना ही तिसरी तऱ्हा. तिथे सभासदत्व वर्गणीने मिळे आणि खेळ बहुतेक विलायती. मुंबईच्या किनाऱ्यावर ते धर्मवार वाटलेले होते. तालमीत पैसे नव्हे तर हजेरी मोजत. वर्गणी भरून न येणारा जिमखान्याला परवडतो, तालमीला नाही, कारण त्याच्या न येण्याने कोणाची तरी जोड रिकामी राहते.

खाशाबा जाधवांची गोष्ट तालमीच्या या देण्याघेण्याचा कळस म्हणावी अशी. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पोर, घरात कुस्ती, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूर दरबारच्या मदतीने गेले आणि आयुष्यात प्रथमच मॅटवर लढून सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर दरबार उरला नव्हता. गावाने वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले, असे सांगतात. सरकारी मान मात्र उशिरा आला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील त्यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी.

संस्थाने विलीन झाल्यावर आश्रयदाता कोण, हा प्रश्न तालमींपुढे आला. त्याची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी मिळाली. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद झाली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. त्याआधी १९५९ मध्ये शाहूपुरी तालमीचे श्रीपती खंचनाळे आणि १९६० मध्ये मोतीबागेचे गणपतराव आंदळकर यांनी हिंदकेसरी मिळवली होती. सहकारी साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देणे सुरू केले. जिथे संस्थानिक होता तिथे कारखान्याचा चेअरमन आला. त्याबरोबर निवडणुकीत उभे राहणारे खांदेही तालमीतून जाऊ लागले. पैलवानकी हा शब्द मराठीत आता अंगबळापेक्षा दांडगाईसाठी अधिक वापरला जातो, याचे मूळ या व्यवहारात आहे.

कुस्ती सुटल्यानंतरच्या आयुष्याकडे तालमीने फारसे पाहिले नाही, हे तिचे मोठे न्यून. तिशीनंतर मेहनत थांबे, खुराकाची सवय राही. वजन वाढे, गुडघे बोलू लागत. शाळा अर्धवट सुटलेली असे. 'पैलवानाची अक्कल गुडघ्यात' हा टोमणा मारणाऱ्यांनी त्या गुडघ्यांची किंमत कधी विचारली नाही. ज्यांचे नाव झाले त्यांना पोलिसात किंवा कारखान्यात नोकरी मिळाली. बाकीचे फुटलेले कान घेऊन शेतावर परतले. त्यांना सावरले ते तालमीनेच, पण अनौपचारिक रीतीने: संध्याकाळी कट्ट्यावर बसायला जागा, पोरांना दोन डाव दाखवायचा मान, आणि लग्नकार्यात फेटा. म्हाताऱ्या पैलवानाला कोणी 'वस्ताद' म्हणून हाक मारते तोवर त्याचे बरे चाललेले असते.

मुंबईच्या गिरणगावात हीच रीत चाळीत शिरली. घाटावरून आणि कोकणातून आलेले कामगार गावकरी मंडळांत राहत, आणि चाळीच्या आवारात व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, गणपती हे एकाच पोरांचे उद्योग असत. पाळीवरून सुटलेला माणूस तिथे आपल्या गावची भाषा ऐकायला येई, वजन उचलणे हे निमित्त. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, पाठोपाठ माणसे पांगली आणि बऱ्याच व्यायामशाळा सुन्या पडल्या. त्यांच्या जागी आलेल्या जिममध्ये महिन्याची फी आहे, कानात गाणी आहेत, भिंतभर आरसा आहे. आरशात जोडीदार म्हणून स्वतःच उभा असतो.

कोल्हापुरात तालमीने वेगळी वाट काढली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालीम मंडळांची नावे आज फुटबॉलच्या मैदानावर ऐकू येतात. हौदा बुजला किंवा कोपऱ्यात राहिला, पण पेठ तीच, ईर्ष्या तीच, आणि सामन्यानंतरच्या हाणामाऱ्याही त्याच परंपरेतल्या. मंडळांचा गणपती असतो, मोहरम असतो, आणि २०१९ च्या महापुरात मदतीला धावलेल्या गटांत ही मंडळे होती. खेळ बदलला तरी पोरांना एकत्र ठेवणारी मोळी सुटली नाही. मुख्य होते ते एकमेकांकडे रोज येणे, कुस्ती त्याचे एक रूप होती, असा अर्थ यातून काढता येतो. कट्टर कुस्तीप्रेमींना तो पटणार नाही.

उंबऱ्याच्या बाहेर सर्वांत जास्त काळ राहिल्या त्या बायका. ब्रह्मचर्य हे तालमीचे व्रत आणि स्त्रीचे दर्शनही तिथे विघ्न मानलेले. १९५० च्या दशकात अलीगढची हमीदा बानू पुरुष पैलवानांना आव्हान देत देशभर फिरत होती. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची लढत कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. दुसऱ्या एका मैदानात तिने पुरुषाला हरवल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो करून दगड मारले. व्यायाम मंडळांनी मुलींना दोरीचा मल्लखांब, लेझीम, सूर्यनमस्कार दिले, म्हणजे रांगेत जागा दिली. मातीत, जोडीत, जागा मिळायला आणखी दोन पिढ्या गेल्या. ती मिळाली तीही आधी मॅटवर, शाळा आणि क्रीडा प्रबोधिनींच्या वाटेने, आणि बहुतेक ठिकाणी आपल्या मुलीसाठी जोड शोधत फिरणाऱ्या पैलवान बापांमुळे. मुलींची संख्या कमी, त्यामुळे सरावाला मुलगेच जोडीदार. जुन्या वस्तादांपैकी काहींनी त्याला नाक मुरडले, काहींनी निमूटपणे डाव दाखवले. पुरुषांची महाराष्ट्र केसरी सुरू झाल्यानंतर ६२ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा खांद्यावर घेतली.